मांडवातली तामील

मोहरीलांच्या घरात भांडण झालं की आवाज चढत नसे, तारीख पडत असे. तीन पिढ्या कोर्टाच्या कचेरीत काढल्यावर याहून वेगळं काय होणार? आजोबा भंडाऱ्याहून रायपूरला आले ते कोर्टातले कारकून म्हणून. त्यांचे चिरंजीव यशवंतराव, म्हणजे घरातले नाना, नाझर होऊन निवृत्त झाले. आणि आता नानांचा धाकटा मुलगा निरंजन त्याच खुर्चीवर, तीच पाठदुखी घेऊन बसत होता. त्यामुळे सासू-सुनांचं बिनसो की कुलरचं तोंड कुणाकडे यावरून भावाभावांत जुंपो, कुणीतरी शांतपणे म्हणायचं, "हे दिवाळीनंतर पाहू." दिवाळीनंतर होळी यायची, होळीनंतर आंबे. घरात शांतता नांदत होती आणि एकही प्रश्न कधी सुटला नव्हता.

ही घडी विनोदिनीआत्याने मोडली. नानांची ही धाकटी बहीण. शाळेत मास्तरीण होती, नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती, आणि पंडरीत एका साड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहत होती. जिना उभा आणि गुडघे गेलेले. तिने चौबे कॉलोनीतल्या या घरात, स्वतःच्या बापाने बांधलेल्या घरात, तळमजल्यावरची एक खोली मागितली. तिला तारीख मिळाली. मग दुसरी मिळाली. तेवढ्यात शेखरने, म्हणजे निरंजनच्या थोरल्या भावाने, घर पाडून तिथे इमारत उभी करायची बोलणी एका बिल्डरशी सुरू केली. तेव्हा आत्याने घरातल्या तारखा घेणं बंद केलं आणि खऱ्या कोर्टात जाऊन सख्ख्या भावावर वाटणीचा दावा लावला.

आणि तरीही आज ती मांडवात पहिल्या रांगेत बसली होती. निरंजनच्या मुलीचं, राधिकाचं, साक्षगंध होतं, तिकडे महाराष्ट्रात साखरपुडा म्हणतात ते. दावा आपल्या जागी, साक्षगंध आपल्या जागी. आत्याने मोतिया रंगाची साडी नेसली होती, पोरीसाठी चांदीचा करंडा आणला होता, आणि भिलाईहून आलेल्या पाहुण्यांना ती पुडाच्या वड्या आग्रहाने वाढायला लावत होती. कुणाला सांगितलं असतं की ही बाई आणि तिच्या शेजारी बसून वडी खाणारे नाना कोर्टात एकमेकांसमोर उभे आहेत, तर कुणाला पटलं नसतं.

निरंजनला अर्थात दाव्याची कल्पना होती. पण त्याने पहिल्याच दिवशी आपल्या हाताखालच्या माणसाला बोलावून सांगितलं होतं, "हा माझ्या घरचा मामला आहे. याच्याशी संबंधित एकही कागद माझ्या टेबलावर येता कामा नये." असं सांगताना आपली मान किती ताठ झाली होती हे त्याला अजून आठवत होतं. घरी येऊन त्याने बायकोला, मंजिरीला, हा प्रसंग दोनदा ऐकवला. दुसऱ्यांदा ऐकताना ती भाजी निवडता निवडता झोपली.

नाझर म्हणजे काय, हे भिलाईच्या पाहुण्यांना त्याने सकाळीच समजावलं होतं. वकील भांडतात, जज निकाल देतात, पण ज्याच्यावर दावा आहे त्याच्या हातात कोर्टाचं समन्स पडल्याशिवाय खटला जागचा हलत नाही. ते समन्स दारोदार पोचवणाऱ्या माणसांचा मुकादम म्हणजे नाझर. कागद हातात पडला की इकडे म्हणतात, तामील झाली. ही तामील सुधारण्याचं निरंजनने मनावर घेतलं होतं. लोक सुट्टीच्या दिवशी घरी सापडतात, म्हणून त्याने रविवारची तामील सुरू केली. समन्स घेणाऱ्याचा दारात उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचा, म्हणजे जागेची खूण आपोआप उमटते, हे त्याने सक्तीचं केलं. गेल्याच महिन्यात एका प्रशिक्षणात त्याने 'तामील आणि नेतृत्व' या विषयावर भाषणही ठोकलं. त्यात त्याने पडद्यावर फोटो दाखवत लोक कसे लपतात आणि तामील करणारे कशा सबबी लिहितात ते सांगितलं, आणि शेवटी टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "ज्या घरापुढे मांडव आहे, ते घर बंद असूच शकत नाही!" खूप टाळ्या पडल्या. पहिली टाळी त्याचीच होती, हे नंतर व्हिडिओत दिसलं.

तर त्या रविवारी दुपारी, ओटी भरून झाली होती आणि अंगठ्या व्हायच्या होत्या, तेव्हा मांडवाच्या तोंडाशी राकेश उभा असलेला निरंजनला दिसला. राकेश त्याच्याच कचेरीतला, समन्स वाटणारा माणूस. निरंजनला क्षणभर फार बरं वाटलं. ऑफिसातल्या कुणालाही बोलावलं नव्हतं, तरी पोरगा आपणहून आला.

"ये, ये राकेश. जेवायला बस."

राकेशने हात जोडले. त्याच्या खांद्याला सरकारी झोळी होती. "साहब, ये आपका मकान है क्या?"

"तर? तुले कोणी सांगितलं नाही?"

"मेरा तो नया बीट है साहब. आपने ही बदला न, पिछले हफ्ते." राकेशने कागद अर्धाच बाहेर काढला आणि परत आत सारला. "संडे तामील है. यशवंतराव मोहरील के नाम. मैं तो मांडव देख के रुका. आपने ट्रेनिंग में बोला था."

निरंजनला घाम फुटला. तो तसा एप्रिलचाच होता, पण आता नवीन आला. "उद्या पेशी आहे का, सुनावणी?"

"हव साहब. दो बार वापस जा चुका है. एक बार ताला बंद, एक बार बाहरगांव. जज साहब नाराज हैं."

"ताला बंद? या घराले?" निरंजनने मागे वळून पाहिलं. या घराला कुलूप लागलेलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. कुलूप कुठे आहे हेही कुणाला माहीत नव्हतं. आणि नाना मागच्या दिवाळीपासून गोल बाजारापर्यंतसुद्धा गेले नव्हते.

"वो पुराने वाले को फोन आया था, सुना है. नाझर साहब के घर का मामला है, देख लेना, करके." राकेशने आवाज खाली आणला. "हम लोग समझे आपने ही कहलवाया होगा."

निरंजनला उलगडा झाला. आपण ताठ मानेने कागद दूर सारले, आणि त्या रिकाम्या जागेत आपलं नाव एकटंच काम करत बसलं. त्याला न विचारता, त्याच्या वतीने, अगदी चोख. भाषणात हा मुद्दा राहून गेला होता.

शेखर तोवर येऊन पोचला होता. जरीच्या जॅकेटमध्ये, हातात पानाचं तबक, चेहऱ्यावर सगळं माहीत असलेला भाव. त्याने राकेशच्या झोळीकडे पाहिलं आणि तबक निरंजनच्या हातात दिलं.

"अबे, यालेही कळवलं नाही का त्या लोकांनी?" तो म्हणाला. "राकेश भैया, आप बैठो. श्रीखंड लेके आओ रे इनके लिए!"

"दादा, तो फोन तू केला होता?"

"मग कोण करणार? तू तर महात्मा होऊन बसला. मी फक्त म्हटलं, नाझरसाहेबांच्या घरचं आहे. खोटं आहे काय?" शेखरने खुर्ची ओढून राकेशला बसवलं. "हे पाह्य, पुढच्या हप्त्यात रजिस्ट्री आहे. उद्या तामील झाली नाही तर कोर्ट उन्हाळी सुट्टीवर. सुट्टीनंतर आत्या कोणत्या घरात वाटा मागणार? घरच राहणार नाही. आणि नव्या इमारतीत आपण देऊ ना तिले एक फ्लॅट. छोटा. चौथ्या मजल्यावर."

"तिचे गुडघे..."

"लिफ्ट राहते ना बाप्पा! लिहून टाका राकेश भैया, मकान बंद."

राकेश धर्मसंकटात सापडला असेल अशी निरंजनची समजूत होती. तसं काही नव्हतं. त्याने श्रीखंडाची वाटी उचलली आणि खालच्या आवाजात, मदतीच्या भावनेने म्हणाला, "हो जाएगा साहब. बाजू वाले मकान में ताला है. उसी के गेट का फोटो मार देता हूं. लोकेशन उतना ही आता है."

ही युक्ती निरंजनने भाषणात दाखवली होती. चौथी स्लाइड. तिला त्याने 'शेजारधर्म' असं नावही दिलं होतं आणि सगळे हसले होते.

आता कायद्याने पाहिलं तर निरंजनला काहीच करायचं नव्हतं. स्वतःच्या घरच्या समन्समध्ये नाझराने हात घालू नये, एवढंच. उभ्या नोकरीत काही न करण्यात त्याने बऱ्यापैकी नाव कमावलं होतं. पण आज काही न करणं म्हणजे शेजारच्या फाटकाचा फोटो निघू देणं होतं. आणि काही करावं तर ते बापाच्या विरुद्ध, पोरीच्या साक्षगंधात, भिलाईच्या विहिणीसमोर. तो पानाचं तबक धरून उभा राहिला.

तेवढ्यात मंजिरी आतून लगबगीने आली. हिरवा शालू, कपाळाला घाम. "अहो, नाना कोठीच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली. विहीणबाई विचारून राहिल्या, आजोबा कुठे गेले म्हणून. अंगठ्यांच्या वेळी ते पाहिजेत ना?" तिचं लक्ष राकेशच्या झोळीकडे गेलं. ती नाझराची बायको आणि नाझराची सून होती, तिला समजावून सांगावं लागलं नाही. "आज?"

"मीच सुरू केलं ना रविवारचं," निरंजन म्हणाला.

"मग तुम्हीच बंद करा. पोट्टीचं साक्षगंध आहे. उद्या काय हरिश्चंद्र व्हायचं ते व्हा, मी स्वतः डबा देते."

"उद्या पेशी आहे, मंजिरी."

"माझी आज आहे!" ती म्हणाली, आणि शेखरच्या बाजूला जाऊन उभी राहिली. एरवी या दोघांचं आंब्याच्या फोडींवरूनही पटत नसे.

म्हणजे नानांनी राकेशला पाहिलं होतं. निरंजनला हसावं की रडावं कळेना. ज्या माणसाने पस्तीसेक वर्षं लोकांना धानाच्या कणगीतून, गोठ्यातून, एकदा तर लग्नातल्या बँडमधून हुडकून काढून समन्स हातात ठेवलं, तो माणूस झोळी पाहताच वडी अर्धी टाकून तांदळाच्या पोत्यांमागे जाऊन बसला होता. आणि तो आपला बाप होता, आणि आपण त्याच्याच पायाशी बसून हे काम शिकलो होतो.

काठीचा आवाज आला. आत्या एकेक पाऊल टाकत मांडवाच्या कडेने येत होती. तिने राकेशला आणि झोळीला नीट पाहिलं.

"माझंच आहे का ते?"

"हव माताजी. आप ही वादी हैं?"

"मीच." ती निरंजनकडे वळली. "परत पाठव त्याले."

"आत्या, उद्या तामील दिसली नाही तर..."

"मले माहीत आहे. मी गणित शिकवलं पोट्ट्यांना, मले तारखा कळतात. सुट्टीनंतर घर राहणार नाही." तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. "पण मांडवात नको. पोट्टीचं काय चुकलं? लोक म्हणतील, आत्याबाईने खोलीसाठी साक्षगंधात समन्स आणलं. मी म्हणते ना, दावा माझा आहे. मी म्हणते, परत पाठव."

"पाहा!" शेखरचा चेहरा उजळला. त्याने वाकून आत्याच्या पायाला हात लावला. "आत्या पहिल्यापासूनच समजदार आहे. कधी अडून बसली नाही बिचारी."

मंजिरीने डोळे पुसले. राकेश मोबाइल काढून शेजारच्या फाटकाकडे निघाला. सगळ्यांचं एकमत झालं होतं, प्रतिवादीच्या घरच्यांचं आणि वादीचं सुद्धा. कोर्टात अशी तडजोड क्वचित होते.

पण शेखरचा तो 'समजदार' शब्द निरंजनला झोंबला. त्याला आठवलं, आजोबांच्या वर्षश्राद्धाला भांडी वाटली तेव्हा आत्या समजदार होती. नवरा गेल्यावर ती इथे राहायला आली होती; शेखरच्या लग्नात खोल्या कमी पडल्या आणि तिला पंडरीत खोली पाहून दिली, तेव्हा ती समजदार होती. ती परत यायची होती, लग्न आटोपल्यावर. या घराला तिच्याकडून काही काढून घ्यायचं असलं की दारात मांडव पडायचा, आणि भर मांडवात नाही म्हणण्याइतकी ती वाईट बाई नव्हती. निरंजनला लाज वाटली. नाझर म्हणून थोडी वाटली, भाचा म्हणून फार वाटली.

"राकेश, थांब."

राकेश थांबला.

"मी तुझा साहेब म्हणून काही सांगणार नाही. या घरात मी साहेब नाही, ते तुले दिसलंच असेल. पण तू प्रतिवादीच्या मुलाले विचार, बाप घरी आहे का."

राकेश गोंधळला. "साहब..."

"विचार ना."

"पिताजी घर में हैं क्या, साहब?"

"आहेत," निरंजन म्हणाला. त्याचा आवाज चिरका आला. भाषणात चांगला आला होता. "आतमध्ये, कोठीच्या खोलीत. चल, दाखवतो."

"निऱ्या!" शेखर ओरडला. मोहरीलांच्या घरात आवाज चढला. मांडवातल्या पंगतीचे हात ताटात थांबले. "बापाले धरून देऊन राहिला तू? पोरीच्या मांडवात?"

"मी नको म्हटलं होतं," आत्या म्हणाली. ती खरंच रागावली होती. "माझ्या दाव्यात तू कोण बोलणारा?"

"तू दर वेळी नको म्हणतेस आत्या," निरंजन म्हणाला. "आणि आम्ही दर वेळी ऐकतो."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. भिलाईची मंडळी उठून उभी राहिली होती. नियोजित जावई अनिमेष हात पुसत राधिकाकडे पाहत होता, आणि त्याची आई इरावतीबाई थेट निरंजनसमोर आल्या. "काय झालं निरंजनराव? आम्हाले काही सांगान का?"

निरंजनने सांगितलं. आत्या, घर, बिल्डर, दोनदा परत गेलेलं समन्स, सगळं. सांगताना त्याला आपला आवाज जबानी देणाऱ्या माणसासारखा वाटला, म्हणजे शेवटाशेवटाला ऐकू न येणारा. मंजिरीने पदर तोंडावर धरला होता.

"पापा, आपने मुझे भी नहीं बताया," राधिका म्हणाली. "बुआ-दादी केस लड़ रही हैं और मैं उनसे करंडा ले रही हूं?"

इरावतीबाई म्हणाल्या, "घरात केस आहे याचं काही नाही. आमच्या तीन चालू आहेत. सासऱ्यांनी दोन लावल्या, एक त्यांच्यावर आहे." त्यांनी कोठीच्या खोलीकडे पाहिलं. "पण आजोबा खरंच पोत्यामागे बसले आहेत?" आणि त्यांना हसू आवरेना. त्यांनी तोंड फिरवलं, तरी खांदे हलत होते.

मंजिरीने डोळे मिटून श्वास सोडला. निरंजनला मात्र अजून दार उघडून घ्यायचं होतं.

खोलीचं दार मांडवाच्याच बाजूला होतं. त्याला झेंडूचं तोरण लावलेलं होतं. राकेशने कडी वाजवली. निरंजनने हाक मारली, "नाना, दार उघडा."

"यशवंतराव घरी नाहीत," आतून यशवंतरावांचा आवाज आला.

पंगतीत कुणीतरी फिसकन हसलं. राकेशने निरंजनकडे पाहिलं. "साहब, ये क्या लिखूं?"

"नाना, तुमचा आवाज येऊन राहिला."

आत पोतं सरकल्याचा आवाज आला. "मग चस्पा करा!" नाना म्हणाले. "घेणारा नकार देते तर दारावर चिकटवता येते. कायदा आहे. चिकटवा आणि जा. मी घेतलं असंच होते."

राकेशने लगेच झोळीतून डिंकाची बाटली काढली. खरं म्हणजे हे सगळ्यांच्या सोयीचं होतं. समन्स दारावर, उद्या कोर्टात तामील पक्की, आत्याचा दावा जिवंत. निरंजननेही मान हलवली असती. पण त्याला दाराआडचा तो आवाज नीट ऐकू आला होता, आणि त्यात कोर्टाची भीती नव्हती. कोर्टाला नाना काय भिणार? एका बाजूला घर पाडायला निघालेला शेखर होता, दुसऱ्या बाजूला खोली मागणारी बहीण. दोघांनाही नाही म्हणणं त्यांच्याने होईना. दारावर कागद चिकटवला असता तर त्यांना कुणाच्याच तोंडाकडे पाहावं लागलं नसतं.

"डिंक ठेव," आत्या राकेशला म्हणाली.

तिने जवळची खुर्ची काठीने ओढली, दाराला लावली आणि बसली. बसताना गुडघे वाजले ते जवळच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"यशवंता," ती दाराला म्हणाली. "मी आहे. विनी."

तिने काठीने दार ठोठावलं.

"तू काहून लपून राहिला रे? मी तुले मारणार आहे का? मले कोर्टात जायची हौस नव्हती. मी तुले विचारलं, खोली देतो का. तू हो म्हणला असता तर मी आली असती. तू नाही म्हणला असता तर रडली असती आणि पंडरीतच राहिली असती, खरं सांगते. पण तू म्हणला, पाहू. मग म्हणला, शेखरले विचारू. मी म्हातारी झाली रे पाहू-पाहू ऐकून. म्हणून गेली मी कोर्टात. तिथे कोणीतरी हो नाहीतर नाही म्हणते."

मांडवात एका बाजूला कुलर खडखडत होता, तो अनिमेषने जाऊन बंद केला.

कडी निघाली. नाना बाहेर आले. नवीन धोतरावर तांदळाचा भुगा, टोपी तिरपी. ऐंशी ओलांडलेला माणूस, पण चेहरा शाळेतून पळून आलेल्या पोराचा. त्यांनी आधी शेखरकडे पाहिलं, मग निरंजनकडे, आणि बहिणीकडे पाहायच्या आधी राकेशपुढे हात केला.

"आण."

समन्स त्यांच्या हातात पडलं. त्यांनी ते चष्मा वर करून, नाकाशी धरून वाचलं, पहिल्या ओळीपासून. मग राकेशच्या पाठीवर कागद ठेवून सही केली, पूर्ण नाव, त्याखाली रेघ. निरंजन ती सही पाहत होता. आपण आज बापाला घराबाहेर काढलं की आत आणलं, हे त्याला ठरवता येईना. शेखर भावाकडे न बघता म्हणाला, "झालं समाधान?" निरंजनने खरं तेच सांगितलं, "नाही."

"साहब, फोटो," राकेश आठवण देत म्हणाला. "कंपल्सरी है."

नाना तोरणाखाली उभे राहिले. हातात समन्स छातीशी धरलेलं. राधिका पुढे झाली, आजोबांच्या धोतरावरचा भुगा झटकला, टोपी सरळ केली आणि बाजूला झाली. आत्या खुर्चीतून उठायच्या खटाटोपात होती. काठी सापडत नव्हती.

"माताजी, आप जरा हट जाइए," राकेश मोबाइल डोळ्याशी धरून म्हणाला. "फ्रेम में सिर्फ प्रतिवादी और मकान चाहिए."

"हटते रे बाबा, हटते."

"काहून हटते?" नाना म्हणाले. त्यांनी राकेशकडे पाहून म्हटलं, पण आवाज पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत गेला. "राहू दे तिले तिथेच. मकान का फोटो चाहिए ना? मकान इसका भी है."

राकेशने फोटो काढला. शेखरने पंगतीकडे पाहिलं. मांडवभर माणसं होती, आणि सगळ्यांनी ऐकलं होतं. निरंजनच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने तबकातल्या पानाला पुसलं आणि मग ते पान कुणाला देता येईना म्हणून खिशात ठेवलं.

आत्या खुर्चीतच बसून होती. तिने मान वर करून भावाकडे पाहिलं.

"उद्या जजसाहेबांपुढे म्हणशील हे? असंच?"

नानांनी समन्सची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"म्हणीन," ते म्हणाले. "पण तू माझ्या बाजूने उभी राहजो. काय विचारून राहिले ते मले नीट ऐकू येत नाही."